एक स्क्रू बदललेला नाही

...नाही, पण मला एक सांगा, माणसानं गप बसायचं म्हणजे तरी किती गप बसायचं ओ? दवाखान्यात बसतो की आपण गप, सोयरीक जुळवायला पाहुणे आले की बसतो, साहेबाच्या केबिनमध्ये बसतो, त्याचं काय एवढं नाही. पण आपण आपल्या हातानं घडवलेली वस्तू समोर आहे, एक शिकलेली, जाणती पोरगी ती वस्तू उलटीपालटी करून बघतेय आणि म्हणतेय, वा, काय हात असेल हो त्या कारागिराचा! आणि हे सगळं कौतुक निघालंय कुठं? थेट जर्मनीला! आणि तो कारागीर उभा आहे तिच्यापासून दोन हातांवर, सोलापुरात, शर्टाचं वरचं बटण लावून... आणि गप! आता बोला!

तुम्हाला सांगतो, हे आमच्या सिद्धप्पाचं झालं. सिद्धप्पा म्हणजे भवानी पेठेतला टर्नर. बोळात शिरलं की डाव्या हाताला पत्र्याचं शेड, आत एक लेथ मशीन, लेथमागं सिद्धप्पा. चादरीच्या, टॉवेलच्या मागावरचं काहीही तुटू दे, गियर, बुश, शाफ्ट, सकाळी सिद्धप्पाकडं आणून टाकायचं, संध्याकाळी नवं घेऊन जायचं. बासष्ट वर्षांचा माणूस. आणि गप वगैरे म्हणाल तर अजिबात नाही ओ! एरवी त्याला गप करायला दोन माणसं लागतात. मराठीत सुरू करतो, मधेच कानडीत शिरतो, लेथ चालू असला की दोन्ही भाषांत मिळून ओरडतो. असला माणूस गप बसला, म्हणून तर सांगतोय!

आता गाडीचं ऐका. डॉक्टर सोमशेखर होते आपल्याकडं, दोन वर्षांमागं गेले बिचारे. त्यांची गाडी. गाडी म्हणजे... कसं सांगू तुम्हाला! जर्मन. दोन दारांची, कूपे म्हणतात तिला. एकोणीसशे एकोणसाठ सालची. छप्पर असं अलगद मागं उतरत गेलेलं, की बघता बघता आपलाच हात हवेत तसा फिरतो. फिकट पिस्त्याचा रंग, वर दुधाळ छप्पर, मागं वळणदार काच. कंपनीचं नाव मला विचारू नका, ते उच्चारायचं तर आधी चूळ भरावी लागते, आणि ती कंपनी म्हणे कधीच बंद पडली. कुठल्या तरी मिलमध्ये मशीनं बसवायला आलेला जर्मन साहेब जाताना सोडून गेला, मिलच्या मॅनेजरनं वापरली, मॅनेजरकडनं डॉक्टरांनी घेतली. अख्ख्या देशात अशा दोन का तीनच, असं डॉक्टर सांगायचे. आणि स्टिअरिंग डावीकडं! डॉक्टर डावीकडं बसून चालवायचे, आणि उजवीकडं विजयमालाअक्का, म्हणजे त्यांच्या मिसेस. शेजारून जाणाऱ्याला वाटायचं गाडी बाई चालवतायत, आणि बाईंचे तर दोन्ही हात मांडीवर! एकदा एका रिक्षावाल्यानं घाबरून रिक्षा थेट रसवंतीत घातली होती... ते राहू दे.

मुद्दा काय, डॉक्टरांचं एक वाक्य ठरलेलं. लग्न असो, बारसं असो, गाडीभोवती चार माणसं जमली की डॉक्टर बॉनेटवर हात ठेवणार आणि म्हणणार, "सगळं ओरिजिनल! एक स्क्रू बदललेला नाही!" माणसं म्हणायची, अबब! आणि गर्दीत मागं सिद्धप्पा उभा. त्याला माहीत होतं ना! काचा वरखाली करायचं यंत्र त्याचं, गियरच्या दांडीचे सांधे त्याचे, पाण्याच्या पंपाचा शाफ्ट त्याचा, वायपर हलवणारं बोटाच्या पेराएवढं दातेरी चाक त्याचं, दारांच्या बिजागऱ्यांच्या पिना त्याच्या... साठाच्या वर भाग ओ! कंपनी बंद, सुटे भाग आणायचे कुठून? काही तुटलं की डॉक्टर ते रुमालात गुंडाळून भवानी पेठेत हजर. "सिद्धप्पा, असंच पाहिजे. डिट्टो." आणि सिद्धप्पा डिट्टो करायचा. तुटका तुकडा दोन-दोन दिवस नुसता बघत बसायचा, बोटानं चाचपायचा, म्हणायचा, करणाऱ्यानं काय केलंय बघा की! अशी बत्तीस वर्षं. पण "एक स्क्रू बदललेला नाही" म्हणताना डॉक्टरांचं तोंड असं काही उजळायचं, की ते तोंड बघून सिद्धप्पा काय करणार? गप!

बरं, आता डॉक्टर नाहीत. अक्का निघाल्या लेकीकडं, बेळगावला, कायमच्या. बंगला विकला. लेकीचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, खाली स्कूटरला जागा मिळायची मारामार, तिथं ही कूपे कुठं ठेवणार? विकायची ठरली. गिऱ्हाईक कोण? अकलूजचे धनाजीराव. ऊस आहे, डेअरी आहे, आणि आता हौस आहे. शेताकडेला मोठा हॉल बांधलाय जुन्या गाड्या मांडायला. त्यांचा फोन आला, आवाज असा, की फोन कानापासून वीतभर लांब धरायचा, "वैनी, गाडी घेनार! पैशाचं बोलूच नका, तुमी म्हनाल ते! पर एकच अट, समदं ओरिजिनल पायजे! आमचा मानूस तपासाया येतोय!"

अक्का बिनधास्त. म्हणाल्या, "या की. आमच्यांनी एक स्क्रू बदललेला नाही." आणि त्यांनी फोन केला सिद्धप्पाला. काय म्हणाल्या? "सिद्धप्पा, तपासणीला तुम्ही हजर राहा बाई. तुम्हाला गाडी माहिती आहे. ग्रीसिंग करायला तुम्हीच यायचात ना?"

ग्रीसिंग! बत्तीस वर्षं... ग्रीसिंग!

सिद्धप्पा "व्हय अक्का" म्हणाला आणि फोन ठेवून लेथकडं बघत बसला. तिकडनं निंगव्वा, त्याची बायको, भाकरी थापता थापता म्हणाली, "जावा. पर तितं जाऊन सुम्मनिरी." सुम्मनिरी म्हणजे कानडीत, गप ऱ्हावा! हा म्हणाला, "मी काय बोलतोय?" ती म्हणाली, "तुमी काय बोलत न्हाय ते मला म्हाईत हाय! ऐका. डॉक्टर गेलं. गेलेल्या मानसाला तुमी खोटं पाडनार? त्यांच्या बायकूफुडं? आनि तिचा सौदा मोडनार? कशापायी? मी केलंय, मी केलंय म्हनायला?" आता ह्यावर काय बोलायचं ओ? बरोबर होतं ना बाईचं! सिद्धप्पानं धुतलेला शर्ट घातला, वरपर्यंत बटणं लावली आणि गेला.

आता तपासायला माणूस येणार म्हणजे डोळ्यांपुढं काय येतं? टाय लावलेला, पोट सुटलेला कुणी साहेब. आली कोण? आरोही. तिशीची पोरगी, मूळची करमाळ्याची, आता पुण्यात जुन्या गाड्या तपासायचंच काम करते. पाठीला सॅक, पायात बूट, केस वर बांधलेले. सॅकमधनं काय काय निघालं! रंगाची जाडी मोजायचं यंत्र, दांडीला लावलेला चिमुकला आरसा, वायरच्या टोकाला बारका कॅमेरा, लोहचुंबक, आणि मोबाईलमध्ये त्या गाडीचे कारखान्यातले जुने फोटो. अक्कांना वाकून नमस्कार केला, सिद्धप्पाला "नमस्कार काका" म्हणाली, गॅरेजचं दार उघडलं... आणि पुढं पाऊलच टाकेना! दारात उभी. मिनिटभर. मग पुण्याचं सगळं बाजूला राहिलं आणि पोटातनं करमाळा बाहेर आला, "आयला! लई भारी!"

सिद्धप्पाला पोरगी तिथंच आवडली.

आणि काम काय तिचं, तुम्हाला सांगतो! घाई नाही, गडबड नाही. आधी गाडीभोवती नुसती हिंडली, हात मागं बांधून. मग यंत्र लावलं, पत्र्याला टेकवायचं, आकडा बघायचा, वहीत लिहायचा. बॉनेट, दारं, छप्पर, एकेक वीत. म्हणाली, "मॅडम, रंग कारखान्यातलाच आहे. साठ वर्षांवर झाली, एकदाही दुसरा हात बसलेला नाही!" अक्का म्हणाल्या, "सांगितलं ना." इंजिनवरचा नंबर ब्रशनं हळूच झटकला, कागदावरच्या नंबराशी ताडून पाहिला. जुळला. काचेच्या कोपऱ्यातली बारीक अक्षरं वाचली. जुळली. हे सगळं खरंच जर्मनीचं होतं ओ, त्यात काय खोटं नाही. सिद्धप्पापण मान डोलवत होता. इंजिनाचा ठोकळा, तो पत्रा, ते वळण, त्याला हात जोडावेत असं काम, हे त्याच्याएवढं कुणाला कळणार!

आणि मग तिनं दाराच्या आतलं कातडं सोडवलं.

आत काच वरखाली करायचं यंत्र. आरोहीनं टॉर्च मारला. हँडल फिरवलं, काच वर गेली, अशी, लोण्यातनं सुरी जावी तशी. परत फिरवलं, खाली आली. परत वर. परत खाली. पोरीला नादच लागला! आणि मग म्हणाली, "बघा काका, ह्याला म्हणतात जर्मन काम. दात बघा एकेक! इतक्या वर्षांनी आवाज नाही!"

आवाज कुठनं येणार? ते यंत्र चौऱ्याण्णव सालचं! तीन वेळा बिघडलं तेव्हा चौथ्यांदा जमलेलं! त्यापायी सिद्धप्पा जेवला नव्हता एक दिवस! आणि सिद्धप्पा? गप!

वायपरचं चाक काढून तिनं तळहातावर घेतलं. "दागिना आहे हो हा, दागिना! असं काम आपल्याकडं कोण करणार?" सिद्धप्पानं घसा खाकरला. अक्का म्हणाल्या, "पाणी देऊ?" तो म्हणाला, "नगं." गप!

पंपाचा शाफ्ट बघितला. "बोटानं फिरवा काका, फिरवून बघा, किती हलका! त्या लोकांच्या हातात जादूच होती." आणि काकांना फिरवायला लावला ओ! ज्यानं केला त्यालाच! सिद्धप्पानं फिरवला. म्हणाला, "हलका हाय." बस. एवढंच. गप!

कपाळाला घाम. कान लाल.  एकदा वाटलं, बरं आहे की, आपलं काम जर्मनीचं म्हणून खपतंय, ह्याहून मोठं सर्टिफिकेट कुठलं? लगेच वाटायचं, पण सर्टिफिकेटावर नाव त्या जर्मनाचं ना! मग निंगव्वा आठवायची, डॉक्टरांचा उजळलेला चेहरा आठवायचा... सांगा, कसं करायचं माणसानं?

पण आरोही काय साधी नव्हती. बिजागरीची पिन हातात धरून ती एकाएकी थांबली. परत वायपरचं चाक घेतलं. परत शाफ्ट बघितला. म्हणाली, "गंमत आहे मॅडम. कारखान्यात पन्नास माणसं काम करणार. एकाचा हात जड, एकाचा हलका. पण ह्या गाडीतले बरेच भाग... हे कडेला बघा, केसाएवढा उतार दिलाय. बोटाला धार लागू नये म्हणून. सगळीकडं तोच, तेवढाच. जसं काही एकाच माणसानं केलेत." अक्का म्हणाल्या, "असेल बाई एखादा चांगला माणूस तिकडं."

तिकडं!

सिद्धप्पानं छताकडं बघितलं. गप!

आणि आता ऐका. माणूस कौतुकात गप बसू शकतो, हे तुम्हाला पटलं ना? तास झाला, दीड तास झाला, बसला. आरोही गेली गाडीच्या मागं. डिकी उघडली. डिकीच्या कुलपाची खिटी असते बघा, दोन बोटांएवढी लोखंडाची पट्टी, झाकण लावलं की जिच्यात अडकतं ती. आरोहीनं टॉर्च मारला आणि तिचं तोंडच आंबलं. म्हणाली, "अरेरे. हे बघा. हे मात्र इथलं. सोलापुरातलंच कुणीतरी केलेलं. कानस तिरकी मारलीये, कडा तशाच सोडल्यात, भोक मध्यावर नाही. कसंतरी उरकलंय. एवढ्या देखण्या गाडीला असलं कसं लावलं?"

आणि वहीत लिहायला लागली! सोलापुरातलं! कसंतरी!

"थांबा!"

अक्का दचकल्या. आरोहीचा पेन वहीवर तसाच. सिद्धप्पा पुढं आला, खिशातनं स्क्रूड्रायव्हर काढला, खसाखसा दोन स्क्रू सोडवले, खिटी काढली, उलटी केली आणि आरोहीच्या नाकापुढं धरली. पाठीमागं बारीक अक्षरात जर्मन कंपनीचा शिक्का!

"हे वाचा! हे जर्मनचं हाय! हितलं न्हाय! डॉक्टरांना मी बत्तीस वर्सं सांगतोय, ही खिटी काढू द्या, मी नवी करतो, तर म्हनायचे चालतीय तवर ऱ्हाऊ दे! दरवेळी डिकी उघडली की माझ्या डोळ्यात खुपायची ही! तिकडं बी सोमवार सकाळ असतीच की! केली असंल कुनीतरी झोपंत! पर सोलापूरचं म्हनू नका! सोलापूरचं असं नसतंय!"

आरोही हळूच म्हणाली, "मग सोलापूरचं कसं असतं काका?"

झालं! बांध फुटला! सिद्धप्पा निघाला गाडीभोवती. "हे माझं! काचंचं यंत्र, ह्या दाराचं चौऱ्यान्नवचं, त्या दाराचं सत्त्यान्नवचं! ही पिन माझी! हे चाक माझं, दागिना म्हनालात न्हवं, तो दागिना भवानी पेठंतला हाय! पंप माझा! गियरचे सांधे, सातच्या सात! तो केसाएवढा उतार मी देतो, माझ्या बापानं शिकवलंय, मागावर काम करनाऱ्या बाईचं बोट कापू नये म्हनून द्यायचा असतो!" आता कशाला गप बसतोय! मराठी संपलं, कानडी सुरू झाली, कानडी संपली, नुसते हातवारे. आणि मग एकदम त्याच्या ध्यानात आलं. वळून बघितलं. अक्का खुर्चीत ताठ बसलेल्या.

"अक्का..." म्हणाला. पुढं काय बोलणार? डॉक्टर खोटे पडले. सौदा मोडला. दोन्ही एका दमात. निंगव्वा काय म्हणेल ते तर पुढंच!

अक्का अगदी सावकाश म्हणाल्या, "सिद्धप्पा, हे सगळं तुम्ही केलंत कधी? यांना तुमच्याकडं यायला वेळ कधी होता? सोमवार ते शनिवार दवाखाना. आणि रविवारी तर हे मार्डीला जायचे. गरिबांच्या तपासणी शिबिराला."

सिद्धप्पा खाली बघायला लागला.

"सिद्धप्पा. मार्डीचं शिबिर?"

"व्हायचं की अक्का... सुरवातीला दोन-तीन झाली... मग माझ्या शेडातच व्हायचं. माझी बीपी तपासायचे. मग कानस घेऊन बसायचे माझ्याजवळ. हात चांगला होता डॉक्टरांचा. तुमाला सांगितलं तर तुमी जाऊ देनार न्हाय म्हनायचे, डॉक्टर मानूस काळे हात करून बसला म्हनून."

अक्का म्हणाल्या, "किती रविवार?"

"पाऊस सोडला तर... पावसात बी."

आता तुम्हाला वाटेल, बाई रडल्या. किंवा भडकल्या. काही नाही ओ! बाईंनी एक मोठा श्वास सोडला, असा, बत्तीस वर्षं धरून ठेवलेला, आणि म्हणाल्या, "अगं बाई! म्हणजे ते तुमच्याकडं येत होते?... मला तर वेगळीच शंका होती!"

आरोहीच्या हातनं टॉर्च पडला.

"दर रविवारी जाताना साधा सदरा आणि येताना हातांना चंदनाच्या साबणाचा वास! मार्डीला एक सिस्टर होती, निळ्या साडीतली. मी तिला तीस वर्षं संक्रांतीला तिळगूळ दिला नाही!"

सिद्धप्पा कळवळून म्हणाला, "अक्का, तो साबन माझ्या निंगव्वाचा ओ!" आणि म्हटल्यावर त्याच्याच ध्यानात आलं, की हे आणखीनच भलतं झालं! "म्हंजे तसं न्हाय! ग्रीस जायाचं न्हाय म्हनून आदी राकेल, मग साबन...!"

अक्का हसायला लागल्या. आधी पदराआड, मग पदर सोडून. आरोही हसली, आणि सिद्धप्पा उभाच, हसायचं का नाही हेच त्याला कळेना. मग अक्कांनी डोळे पुसले, आत गेल्या आणि पाहुण्यांच्या कपांत चहा घेऊन आल्या. सिद्धप्पापुढं पहिला कप धरला आणि म्हणाल्या, "आणि मी तुम्हाला ग्रीसिंगवाला म्हणत होते."

सिद्धप्पानं कप दोन घोटांत संपवला, तोंड पोळलं तरी.

चहा झाल्यावर आरोही काय म्हणाली माहितेय? "काका, माझी चूक झाली. आता मला एकेक दाखवा. कसं केलंत ते." आणि ती पोरगी गाडीखाली आडवी झाली, शेजारी सिद्धप्पा आडवा, बासष्ट वर्षांचा! दोघांचे पाय तेवढे बाहेर, आणि आतनं आवाज, "हे कसं मोजलं?" "दोऱ्यानं." "आणि हे कडक कसं केलं?" "ते सांगनार न्हाय!" "सांगा ना काका!" "बरं, ऐका..." तीन तास! अक्का वरून विचारायच्या, जेवता का, कुणाला ऐकू येतंय! सिद्धप्पा मला नंतर म्हणाला, माझ्या कामाबद्दल कुनी हुभ्या जन्मात एवढं विचारलं न्हवतं. गिऱ्हाईक एवढंच विचारतंय, कवा देनार?

मग आरोहीनं विचारलं, "काका, मूळचे भाग कुठं गेले?" सिद्धप्पानं गॅरेजच्या माळ्यावरनं एक पत्र्याची ट्रंक खाली काढली. ती उघडली तर काय? एकेक मोडका जर्मन तुकडा दवाखान्यातल्या पांढऱ्या गॉजमध्ये गुंडाळलेला, वर चिकटपट्टी, आणि चिकटपट्टीवर डॉक्टरांच्या अक्षरात, "काचेचं यंत्र, डावं. दात झिजले. जून ९४." "पंपाचा शाफ्ट. पाठीत बाक." "वायपर. अशक्तपणा." सगळ्यांची केसपेपरं केलेली! अक्कांनी ते अक्षर बघितलं आणि चिकटपट्टीची सुटलेली टोकं बोटानं परत दाबून बसवली.

पण फोन तर करायला पाहिजे ना! आरोहीनं लावला. सगळं खरं सांगितलं. धनाजीरावांचा आवाज साऱ्या गॅरेजमध्ये, "ओरिजिनल न्हाय? आं? मग जुनं हाय न्हवं ट्रंकंत? मग बसवा की ते परत! हाय काय त्यात!" आरोही म्हणाली, "साहेब, ते मोडलेत. बसवले तर गाडी चालणार नाही." "मला कुटं चालवायचीय? मला हुभी करायचीय!"

ऐका! चालणारी गाडी ओरिजिनल नाही, आणि ओरिजिनल करायची तर चालती बंद करायची! आणि ती कुणी करायची? सिद्धप्पानं! आपल्या हातानं आपलंच काम उचकटून!

आरोही काही बोलणार, तेवढ्यात अक्कांनी तिच्या हातातनं फोन घेतला. "धनाजीराव, मी विजयमाला. माझे दोन्ही गुडघे बदललेत. चार दाढा बसवलेल्या आहेत. डोळ्यात भिंग आहे. मी ओरिजिनल आहे की नाही?"

 तिकडनं एकदम बारीक आवाज, "तुमी... तुमी हाय की वैनी. तुमी ओरिजिनलच हाय."

"मग माझे गुडघे काढून जुने परत बसवायचे का? हुबेहूब उभी राहीन, चालणार तेवढी नाही."

"न्हाय न्हाय वैनी, तसं कसं..."

"गाडी आहे तशी न्यायची. ट्रंक सोबत देते. आणि पाटीवर सिद्धप्पांचं नाव घालायचं. नाहीतर राहू दे."

घेतली! त्यानं ऐकलं ओ, आणि किमतीचं नावसुद्धा काढलं नाही! आरोहीनं रिपोर्टात लिहिलं, पहिल्याच पानावर, हलणारे भाग घडवणारे, सिद्धप्पा, भवानी पेठ, सोलापूर, दर्जा मूळ भागांच्या तोडीचा, काही ठिकाणी सरस. ते "सरस" सिद्धप्पानं तिच्याकडनं चार वेळा वाचून घेतलं. निंगव्वाला ऐकवलं तेव्हा ती म्हणाली, "गप बसला असता तर हे मिळालं असतं व्हय?" आता हिला काय म्हणायचं! गाडी ट्रकवर घालायची नाही म्हणून सिद्धप्पानंच चालवत अकलूजला नेली, उजवीकडं अक्का, हात मांडीवर, शेवटचं म्हणून. वाटेत एकदाच थांबले, चहाला. गाडीला तहान लागली नाही.

आणि परवा हॉलचं उद्घाटन झालं. सिद्धप्पाला आमंत्रण. गेला, शर्टाला इस्त्री करून. हॉल म्हणजे काय सांगू, झुंबरं, गालिचा, मधोमध ती कूपे, पिस्त्याचा रंग नुसता झळाळतोय, आणि पुढं पितळी पाटी, त्यावर त्याचं नाव. खरंच होतं! त्यानं पाटीचे अकरा फोटो काढले. मग गाडीशेजारी उभा राहिला, कुणी काही विचारलं तर सांगायला. आता गप बसायचं काही कारणच नव्हतं ना!

पण माणसं गाडीकडं येतच नव्हती ओ! सगळी गर्दी मागच्या काचेच्या कपाटापुढं! कपाटात काय? ट्रंकेतले तुकडे! मखमलीवर मांडलेले, गॉजसकट, चिकटपट्टीसकट! वर लाईट! माणसं लेकरांना उचलून दाखवतायत, "बघ बाळा, हे खरं जर्मन, ओरिजिनल!" पाठीत बाक आलेल्या शाफ्टबरोबर जो तो सेल्फी काढतोय. झिजलेले दात बघून एक जण म्हणाला, "काय हात असेल हो कारागिराचा!"

तेवढ्यात एक बाई सिद्धप्पाकडं आली. ह्याला वाटलं, आली, विचारायला आली. ह्यानं घसा साफ केला. ती म्हणाली, "काका, जरा बाजूला होता का? आणि ही गाडी पण थोडी मागं घेता येईल का हो? कपाटाच्या फोटोत मधे येतेय."

आता काय करणार! बसला, किल्ली फिरवली, घेतली मागं. माझ्या हातची होती म्हणून घेता तरी आली, म्हणाला. ओरिजिनल असती तर ढकलावी लागली असती.